नेट स्लो आहे, पण कुठे? सोसायटीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय: वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणारा इंटरनेटचा ठराव

सप्रेम नमस्कार.

सभेची नोटीस मिळाली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर आणि पार्किंगच्या आधी एक नवा विषय आहे: सध्याच्या इंटरनेट कंपनीची सेवा फार संथ असल्यामुळे तिची परवानगी रद्द करावी आणि नव्या कंपनीला तिन्ही विंगमध्ये एकमेव परवानगी द्यावी. नव्या कंपनीने सोसायटीच्या कार्यालयाला फुकट कनेक्शन देऊ केलं आहे, हेही तोंडी कळलं. नोटिशीत मात्र ते आलेलं नाही.

पत्र उघड लिहितोय, कारण सभेत या विषयाला फार तर दहा मिनिटं मिळतील आणि त्यातली आठ पार्किंगवाले खातील. शिवाय डोंबिवलीतल्या आणखी काही सोसायट्यांमध्येही असेच ठराव येऊ घातलेत असं ऐकतो. त्यांनाही हे वाचता यावं.

सध्याच्या कंपनीशी माझं काही सोयरसुतक नाही. मीही तिचा ग्राहक आहे आणि तिच्या कॉल सेंटरवर वाजणारी धून मला पाठ झाली आहे. पण नेटवर्कचं काम हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ‘नेट स्लो’ लिहिलं की पाठोपाठ मला फोन येतो. त्या निमित्ताने तिन्ही विंगमधल्या बऱ्याच घरांत मी लॅपटॉप घेऊन बसलोय. तिथे जे दिसलं त्यावरून माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडे संथपणाचे निदान पाच वेगळे प्रकार आहेत. कंपनी बदलल्याने त्यातला एक जाईल. बाकीचे इथेच राहतील आणि नव्या कंपनीच्या नावाने पुन्हा ग्रुपवर येतील.

आधी मोजमापाचं. बी विंगमधल्या एका काकांनी शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय. फाइल उतरवताना पडद्यावर आकडा दिसतो बाराच्या आसपास. काकांचा हिशेब सरळ होता: कंपनी आठपट फसवते. कंपनी इथे फसवत नाहीये. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडच्या खिडकीतला मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. शंभरला आठाने भागलं की साडेबारा. काकांना पूर्ण वेग मिळत होता, त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. आठपट फसवणुकीची ही तक्रार समितीकडच्या तक्रार-यादीत अजूनही आहे. ती काढावी.

दुसरं म्हणजे ग्रुपवर पडणारे स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट. बेडरूममध्ये आडवं पडून, दार लावून, पाच वर्षं जुन्या फोनवर घेतलेली ती टेस्ट कंपनीचा वेग मोजत नाही. फोन, मधल्या भिंती, राउटर, गच्चीवरून आलेली वायर आणि मग कंपनी, या सगळ्यांतला जो सर्वांत अशक्त असेल त्याचा वेग ती सांगते. अशक्त कोण, हे सांगत नाही. ते कळायचं तर राउटरला लॅपटॉप वायरने जोडावा, घरातली बाकीची उपकरणं वाय-फायवरून काढावीत आणि मग टेस्ट करावी. वायरवर वेग पूर्ण आला तर दोष घरातल्या हवेत आहे, कंपनीत नाही. वायरवरही आला नाही तर पुढे शोधायचं. तक्रार-यादीतल्या किती जणांनी ही वायरची टेस्ट केली आहे, असं समितीने विचारलं तर उत्तरादाखल शांतता मिळेल अशी माझी खात्री आहे.

आता विंगवार.

ए विंग सर्वांत जुनी. फायबर थेट घरात यायच्या आधीच्या काळात तिथे नेट आलं. त्यामुळे अजूनही फायबर गच्चीवरच्या लोखंडी पेटीपर्यंत येतं, तिथे एक स्विच (एक जोडणी अनेक घरांत वाटणारं यंत्र) आहे आणि त्यातून प्रत्येक घरात लॅनची तांब्याची वायर उतरते. या विंगमधल्या लोकांची तक्रार विलक्षण एकसारखी आहे: प्लॅन दोनशेचा असो की तीनशेचा, वायरवर टेस्ट केली की आकडा ९४ च्या आसपास येऊन थांबतो. सकाळी ९४, रात्री ९४. कधी ९३, कधी ९५, पण शंभरी कधीच नाही.

हा आकडा पाहिला की नेटवर्कवाल्या माणसाला निदानासाठी घरात जावंही लागत नाही. १०० एमबीपीएसच्या जुन्या इथरनेट पोर्टमधून, म्हणजे वायर खोचायच्या खाचेतून, प्रत्येक पाकिटावरचे (माहितीच्या तुकड्यावरचे) पत्ते आणि इतर सोपस्कार वजा जाता, प्रत्यक्ष माहिती ९४-९५ च्या आसपासच निघते. म्हणजे वाटेत कुठेतरी शंभरचा पोर्ट आहे. ए विंगमध्ये तो दोन ठिकाणी आहे. एक, गच्चीवरचा स्विचच जुना, शंभरचा. दोन, काही घरांनी प्लॅन वाढवला पण राउटर तोच ठेवला आणि त्याचे पोर्टही शंभरचेच.

तिसरी शक्यता वायरची, आणि ती मला अधिक सतावते. लॅनच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभरच्या वेगाला त्यातल्या दोन पुरतात, हजारच्या वेगाला चारही लागतात. हजारासाठीच लागणाऱ्या त्या जादा दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नसली, तर दोन्ही बाजूंची यंत्रं मुकाट्याने शंभरवर उतरतात. नेट चालूच राहतं, दिवा लागलेलाच असतो, कुणाला काही कळत नाही. आपल्या ए विंगच्या वायरी बाहेरच्या भिंतीवरून, उन्हापावसात, ड्रेनेजच्या पाइपला बांधून खाली आल्या आहेत. त्यांचं वरचं आवरण घरात वापरायच्या प्रतीचं आहे, उन्हाने ते तडकलंय. मध्यंतरी रंगकाम झालं तेव्हा काही तुटल्या आणि पिळून, वर काळी टेप लावून जोडल्या गेल्या. त्यातल्या काही तर शुद्ध तांब्याच्याही नाहीत, ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा आहे. स्वस्त पडतात म्हणून केबलवाले सर्रास वापरतात.

नवी कंपनी आली तर काय करणार आहे? प्रत्येक घरात नवं फायबर ओढणार असेल तर उत्तम. पण तिच्या माणसाशी मी गेटवर बोललो तेव्हा तो म्हणाला, ए विंगमध्ये ‘एक्झिस्टिंग वायरिंग’ वापरू. मग नाव बदलेल, बिल बदलेल आणि ९४ तसाच राहील.

याच पेटीबद्दल आणखी एक. तिचा वीजपुरवठा विंगच्या सामायिक मीटरवरून आहे. लाइट गेले की लिफ्टला जनरेटर मिळतो, पंपाला मिळतो, या पेटीला नाही. घरात इन्व्हर्टर असलेले लोक राउटर चालू ठेवून बसतात आणि नेट का नाही म्हणून कंपनीला फोन लावतात. हे आपल्या अखत्यारीतलं काम आहे. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं.

बी विंगमध्ये फायबर थेट घरात आलंय. वायरवर तिथे बहुतेक सगळीकडे पूर्ण वेग मिळतो. तरीही सर्वांत जास्त आरडाओरडा तिथलाच. तिथला दोष वाय-फायचा आहे आणि त्याला घरं, शेजार आणि कनेक्शन बसवणारा मुलगा हे तिघेही जबाबदार.

बसवणारा मुलगा फायबर जिथून आत आलं तिथेच राउटर ठोकतो: मुख्य दाराच्या वर. मग घरातली मंडळी ते डबडं दिसू नये म्हणून शू-रॅकच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे सरकवतात. तिथून शेवटच्या बेडरूमपर्यंत आरसीसीचा एक कॉलम, बाथरूमची टाइल लावलेली भिंत, फ्रिज आणि कपाटाचा आरसा. वाय-फायच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची यातून कशीबशी जाते. ५ गिगाहर्ट्झचा वेग कितीतरी जास्त, पण ती दोन भिंतींत दमते. फोन मग नाइलाजाने २.४ वर उतरतो. आणि २.४ वर आपल्या इमारतीत जत्रा आहे.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण समितीला इथे खरोखर काही करता येईल. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी एका वेळी तीनच मिळतात: १, ६ आणि ११. बी विंगच्या जिन्यात उभं राहून फोनमधल्या वाय-फाय ॲनालायझरमध्ये पाहिलं तर कुणाचा राउटर ३ वर, कुणाचा ८ वर, आणि बऱ्याच जणांनी चॅनेलची रुंदी २० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ ठेवलेली. बसवणाऱ्या मुलाने ‘फास्ट चालेल’ म्हणून करून दिलेली. एका माणसाने ४० केलं की पट्ट्याचा अर्धाअधिक भाग त्याने व्यापला. वाय-फायची यंत्रं आधी ऐकतात आणि हवा मोकळी असेल तेव्हाच बोलतात. त्यामुळे एकाच चॅनेलवरचे शेजारी निदान एकमेकांना ऐकून थांबतात तरी. ३ आणि ६ वरचे अर्धवट एकमेकांवर चढतात, त्यांना एकमेकांचं बोलणं नीट समजत नाही, नुसता गोंगाट होतो. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ च्या आसपास. संध्याकाळी साडेसात-आठला, घरोघरी उरलंसुरलं गरम होत असताना, व्हिडिओ अडकतात ते उगीच नाही.

उपाय फुकटचा आहे. सर्व घरांनी २.४ वर रुंदी २० ठेवावी आणि चॅनेल फक्त १, ६, ११ पैकी वापरावं. वरखालच्या आणि शेजारच्या घरांनी ती वाटून घ्यावीत. टीव्ही, लॅपटॉप आणि नवे फोन ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. कोणत्या मजल्यावर कोणतं चॅनेल याचा कागद मी करून देतो, समितीने तो नोटीस बोर्डावर लावावा. पाण्याच्या वेळा लागतात तिथेच.

बी विंगमधल्या एका काकूंनी बेडरूमसाठी ऑनलाइन एक्स्टेंडर (वाय-फाय पुढे पोहोचवणारा डबा) मागवला. दांड्या वाढल्या, वेग आणखी कमी झाला, आणि त्यांनी ते खापरही कंपनीवर फोडलं. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवणारा एक्स्टेंडर अर्धा वेळ ऐकण्यात घालवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येणारच. त्यापेक्षा हॉलमधून बेडरूमपर्यंत चांगल्या प्रतीची लॅन केबल ओढावी आणि जुना राउटर तिथे ॲक्सेस पॉइंट (त्या खोलीपुरतं वाय-फाय देणारं यंत्र) म्हणून जोडावा. खर्च केबलचा आणि भिंतीला एक भोक पाडण्याचा. काकांचा विरोध भोकाला आहे, तो प्रश्न समितीने घेऊ नये.

तिसरा प्रकार कोणत्या एका विंगचा नाही आणि तो समितीच्या कार्यालयातही आहे. लक्षण असं: वेग तपासला तर ठीक, पण अधूनमधून सगळंच गोठतं. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, बँकेचं पान उघडत नाही, आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुरळीत. बहुतेक वेळा त्या पाच-दहा मिनिटांत घरातलं कुणीतरी काहीतरी वर चढवत असतं. चार्जिंगला लावलेला फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर पाठवत असतो, नाहीतर कॅमेरा चित्रण. बऱ्याच जुन्या प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने फार कमी असतो. तो भरला की राउटर पाकिटं टाकून देण्याऐवजी साठवत बसतो. मग आपण एखादं पान मागितलं तर ती इवलीशी मागणीही त्या साठ्याच्या शेवटी उभी राहते; डोंबिवली स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेत रुग्णवाहिका अडकावी तसं.

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याने २०१० मध्ये आपल्या घरच्या कनेक्शनवर हा प्रकार पकडला आणि त्याला हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उताराही मांडला. राउटरने रांग किती लांब आहे हे न बघता पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघावं आणि वेळ फार झाला तर पाकीट टाकून द्यावं, म्हणजे पाठवणारा आपोआप हात आखडता घेतो. कंपन्या फुकट देतात त्या राउटरमध्ये ही सोय सहसा नसते. तपासायचं अगदी सोपं: लॅपटॉपवर ‘पिंग ८.८.८.८’ (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसऱ्या उपकरणावरून मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावा. दहा-वीस मिलिसेकंदांचा आकडा पाचशे-हजारावर उडाला की रोग ठरला. राउटरमध्ये क्यूओएस (कशाला किती वेग द्यायचा हे ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधून ठेवावी. नसेल तर निदान फोटोंचा बॅकअप रात्री उशिरावर ढकलावा.

कार्यालयाचं नेट ‘दिवसभर मेलेलं’ असतं, अशी सचिवांची तक्रार ठरावाच्या कारणांत पहिल्या क्रमांकावर आहे. सचिव, आदरपूर्वक सांगतो, गेटवरचे आणि पार्किंगमधले सगळे कॅमेरे त्याच कनेक्शनवरून चोवीस तास क्लाउडवर चित्रण चढवतात. शिवाय त्या वाय-फायचा पासवर्ड वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीवर लिहिलेला आहे आणि दुपारी शाळा सुटली की केबिनबाहेर मुलांची जी गर्दी होते ती वॉचमनच्या गप्पा ऐकायला नव्हे. कॅमेऱ्यांचं चित्रण डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवरच ठेवा, हालचाल झाली तेवढंच वर पाठवा, पासवर्ड बदला. नवी कंपनी फुकट देणार असलेलं कनेक्शनसुद्धा हे केल्याशिवाय दिवसभर मेलेलंच राहील.

आता चौथा प्रकार, सी विंगचा. इथे मात्र कंपनीचा गुन्हा आहे आणि मी तिच्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही.

सी विंगमध्ये वायरवरसुद्धा रात्री नऊ ते अकरा वेग पार कोसळतो. सकाळी कंपनीच्या पहिल्या टप्प्यापर्यंतचा (घराबाहेरच्या तिच्या पहिल्या यंत्रापर्यंतचा) पिंग चार-पाच मिलिसेकंद, रात्री शंभरावर, आणि मधूनमधून पाकिटं हरवतात. राउटरपर्यंतचा पिंग, म्हणजे १९२.१६८.१.१ चा, रात्रीही एक-दोन मिलिसेकंदच. म्हणजे घर निर्दोष. आपल्याकडच्या फायबर जाळ्यांमध्ये साधारणतः जीपॉन हे तंत्र वापरतात. त्यात एका धाग्यावर उतरत्या दिशेने सुमारे अडीच गिगाबिट आणि चढत्या दिशेने सव्वा गिगाबिट वेग असतो, आणि तो स्प्लिटरमधून (एका धाग्यातला प्रकाश अनेक धाग्यांत वाटणाऱ्या डब्यातून) ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळे एका क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत, म्हणून एरवी हे पुरतं. पण घरं जोडत गेलं आणि एक्स्चेंजपासून पुढची, बाहेर जाणारी लाइन वाढवलीच नाही, तर रोज रात्री क्रिकेट किंवा मालिकेच्या वेळेला हेच होणार. हा खर्च कंपनीने टाळलाय, आणि तो तिच्याकडून करून घेतला पाहिजे.

त्याच विंगमध्ये काही घरांत लाइन दिवसातून अनेकदा तुटते. फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते, उणे डीबीएममध्ये. सर्वसाधारणपणे उणे १५ ते उणे २५ मध्ये असावी. उणे २७ च्या खाली गेली की डबा प्रकाश ओळखायला चाचपडतो, चुका वाढतात आणि तो एलओएसचा, म्हणजे प्रकाश हरवल्याचा, लाल दिवा लुकलुकतो. या घरांत ती उणे २७ च्या काठावर आहे. हे आकडे दिसतात त्याहून दांडगे आहेत: प्रत्येक तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २० वरून उणे २७ वर येणं म्हणजे पाचातला एक भाग उरणं. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जिन्याखालच्या स्प्लिटरच्या डब्याचं झाकण बेपत्ता आहे, धागे ग्रिलच्या सळईला काटकोनात वळवून बांधलेत आणि जोडांत धूळ बसलीय. काचेचा धागा असा दुमडला की प्रकाश त्या वळणावरच बाहेर सांडतो. कंपनीच्या माणसाने येऊन वळणं सैल करायची, जोड साफ करायचे, झाकण बसवायचं. तो प्रत्येक वेळी येतो, राउटर बंद-चालू करतो आणि जातो.

बंद-चालू करण्याने कधीकधी खरंच बरं वाटतं, हे मान्य करायला हवं. स्वस्त राउटरची स्मृती उघड्या जोडण्यांच्या नोंदींनी भरते, ती रिकामी होते. कंपनीशी जोडणी नव्याने होते. वाय-फाय एखादं कमी गर्दीचं चॅनेल निवडतं. पण दर दोन दिवसांनी ते करावं लागत असेल तर तो उपचार नव्हे.

ग्रुपवर फिरणाऱ्या एका सल्ल्याबद्दलही बोलतो: ‘डीएनएस बदला, स्पीड दुप्पट’. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणं. कंपनीचा डीएनएस आजारी असेल तर पान उघडायला सुरुवातीलाच वेळ लागतो आणि एकदा सुरू झालं की भराभर येतं. असं होत असेल तर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ जरूर घाला. मोठी फाइल उतरण्याचा वेग त्याने एका बिटानेही वाढत नाही.

पाचव्या प्रकारावर आपल्यापैकी कुणाचाच इलाज नाही. ज्यांची मुलं परदेशी कंपन्यांसाठी घरून काम करतात त्यांची तक्रार असते की स्पीड टेस्टमध्ये दोनशे आणि ऑफिसची फाइल मात्र रांगत येते. टेस्ट सहसा जवळच्या, अनेकदा कंपनीच्याच जाळ्यातल्या सर्व्हरशी होते. ऑफिसचा सर्व्हर अमेरिकेत असेल तर एका फेरीलाच दोनशे मिलिसेकंद आणि वर लागतात, आणि मध्ये समुद्र आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या इंटरनेट केबल तुटल्या तेव्हा भारतासह अनेक देशांत नेट मंदावलं. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हाही हेच झालं होतं. नव्या कंपनीचा समुद्र वेगळा नाही. आणि निकालाच्या दिवशी एखादं सरकारी संकेतस्थळ उघडत नसेल, तर बाकीची उघडतात का एवढं आधी बघावं.

आता ठरावातल्या ‘एकमेव परवानगी’बद्दल, जी मला सर्वांत धोक्याची वाटते.

आज सी विंगवाल्यांच्या हातात एक तरी शस्त्र आहे: नको असेल तर दुसऱ्याकडे जाऊ. एकाच कंपनीला जिना, डक्ट आणि गच्ची दिली की तेही गेलं. उद्या तिनेही बाहेरची लाइन वाढवली नाही तर? करार तीन वर्षांचा आहे म्हणे. इमारतींमध्ये अशी मक्तेदारी होऊ नये, सर्व कंपन्यांना समान प्रवेश असावा, हीच भूमिका भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०१७ च्या शिफारशींत घेतली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियमही काढले. घर विकताना उद्या गिऱ्हाईक विचारेल तेव्हा ‘इथे एकच कंपनी चालते’ हे उत्तर किंमत वाढवणारं नसेल. कार्यालयाच्या फुकट कनेक्शनसाठी सगळ्या घरांची निवड विकणं मला तरी महाग वाटतं.

सी विंगच्या तक्रारींना खरा मार्ग आहे, तो कुणी वापरत नाही. कॉल सेंटरवर नुसतं भांडू नका, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. २०१२ च्या नियमांनुसार त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे ई-मेल पाठवून वाट बघत बसू नये. आणि तरीही भागलं नाही तर ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहकाला तिथे जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. मात्र तिथे ‘नेट स्लो’ चालणार नाही. वायरवर घेतलेली टेस्ट, तारीख, वेळ, राउटरपर्यंतचा पिंग आणि कंपनीच्या पहिल्या टप्प्यापर्यंतचा पिंग, असं लागेल. सरकारच्या व्याख्येचा आधार घेऊ म्हणाल तर तोही फार तोकडा आहे: जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, त्याआधी ५१२ केबीपीएस. तेवढं तर सी विंगला भर रात्रीही मिळतं. म्हणून आपल्या प्लॅनच्या कागदावरचा आकडा आणि आपले मोजलेले आकडे, हीच आपली बाजू.

तर सभेत मी ठरावाला पुढील दुरुस्ती मांडणार आहे. अनुमोदक मिळाला आहे.

“सध्याच्या कंपनीला सी विंगमधील रात्रीच्या वेगाबाबत आणि स्प्लिटरच्या डब्याबाबत मोजमापांसह लेखी नोटीस देण्यात यावी व दुरुस्तीसाठी तीस दिवसांची मुदत देण्यात यावी. ए विंगमधील गच्चीवरील स्विच व बाहेरील वायरिंग बदलून घरोघरी फायबर देण्याबाबत सध्याच्या व नव्या, अशा दोन्ही कंपन्यांकडून लेखी प्रस्ताव मागवावेत. कोणत्याही कंपनीला एकमेव परवानगी देऊ नये. गच्चीवरील पेटीला जनरेटरची जोडणी द्यावी. कार्यालयातील कॅमेऱ्यांचे क्लाउडवरील चित्रण मर्यादित करावे.”

सी विंगची मोजमापं सभेआधी तयार हवीत. त्यासाठी वेगवेगळ्या मजल्यांवरची काही घरं मला लागतील: सकाळी एकदा, रात्री दहाला एकदा, पाच मिनिटांचं काम. लॅपटॉप आणि वायर मी आणतो. रात्री दहाला दार उघडायची तयारी असेल त्यांनी ग्रुपवर न लिहिता मला फोन करावा, म्हणजे पुन्हा शंभर मेसेज पडणार नाहीत.

आणि खजिनदारसाहेब, गच्चीवरच्या पेटीची किल्ली केबलवाल्याकडे नाही, वॉचमनकडे नाही आणि सचिवांकडेही नाही. वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराला ती आपण दिली होती असं वॉचमन म्हणतो. रविवारपर्यंत ती परत मागवावी, ही विनंती.

आपला,
ए विंगमधील एक सभासद